झाड शेजाऱ्याचं, भिंत आपली

शेजाऱ्याच्या आवारातलं झाड आपल्या भिंतीवर कोसळलं की निकाल तिथल्या तिथे लागतो. झाड त्याचं, तेव्हा भरपाई त्यानं द्यायची. ज्याची भिंत पडली त्याला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही, बघायला जमलेल्यांनाही नाही. खुद्द झाडाच्या मालकालाही मनातून तसंच वाटत असतं. म्हणूनच तो कुंपणापाशी अर्धा ओशाळलेला आणि अर्धा भांडायच्या तयारीत उभा असतो. कायदा मात्र अनेक देशांत वेगळं सांगतो. झाड तुमच्या मालकीचं आहे एवढ्यावरून तुम्ही काहीच देणं लागत नाही. ते धोक्याचं झालंय हे तुम्हाला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, आणि तरीही तुम्ही स्वस्थ बसलात, हे नुकसान झालेल्यानं सिद्ध करायचं असतं.

हे ऐकलं की माणसं भडकतात, आणि त्यात नवल नाही. मला स्वतःला कायद्याचं हे मूळ तत्त्व पटतं. माझी तक्रार पुढच्या पायरीशी आहे. ‘माहीत होतं का?’ ही कसोटी व्यवहारात अशी चालते, की झाडाकडे कधी ढुंकूनही न बघणारा सुटतो आणि काळजीनं बघणारा अडकतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे: नुकसानीचा पैसा आधी ज्याचं नुकसान झालं त्याच्याच विम्यातून यावा, आणि मालकाला जाब विचारायचा तो झाड पडलं म्हणून नव्हे, त्यानं बघितलं नाही म्हणून.

आधी ‘झाड तुझं, भर तू’ या न्यायाकडे वळू, कारण तो वरवर अगदी निर्दोष दिसतो. कायद्यात असा न्याय नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत घुसलं, तेव्हा १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, ठरवून टाकलं, की धोक्याची वस्तू ज्यानं आपल्या जमिनीवर आणून साठवली, ती निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यानं भरून द्यावं. त्याची चूक होती की नव्हती हे बघायचंच नाही. पण हा नियम न्यायालयांनी झाडांना सरसकट लावला नाही. जमिनीवर झाड असणं हा जमिनीचा स्वाभाविक वापर आहे, साठवलेल्या पाण्यासारखा बाहेरून आणून बसवलेला धोका नाही, असं त्यांनी मानलं. १९२६ च्या एका खटल्यात रस्त्यावर सुमारे तीस फूट उंचीवर आलेली बीच झाडाची फांदी शांत हवेत अचानक मोडली आणि खालून जाणाऱ्या मोटारकोचवर पडली. फांदीला आतून चीर गेलेली होती, बाहेरून ती कोणाला दिसणं शक्य नव्हतं. मालक सुटला. १९५१ मध्ये एका जुन्या एल्म वृक्षाचा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. झाड वर हिरवंगार होतं, खाली मुळं कुजलेली होती. तिथेही मालक सुटला.

हे निकाल मालकधार्जिणे वाटतील. पण उलटा नियम असता तर काय झालं असतं याचा हिशोब मांडून बघा. मोठ्या झाडाची सावली, गारवा, पाखरं, पावसाचं पाणी धरून ठेवणारी माती, यांचा फायदा सगळ्या परिसराला मिळतो. खर्च आणि जोखीम मात्र एकाच्या माथी. त्यात ‘पडलं की भर’ असा नियम आला, तर कुठलाही व्यवहारी माणूस पुढचा पावसाळा यायच्या आत करवत लावेल. त्याची विमा कंपनी त्याला तोच सल्ला देईल. आणि हा नियम मागणाऱ्यांपैकी अनेकांच्या स्वतःच्या अंगणातही एखादं झाड असतं, ज्याच्या फांद्या पलीकडच्या छपरावर गेलेल्या असतात. भरपाई मागताना ते झाड आठवत नाही.

शिवाय वारा कोणाचाच नसतो. १९८७ च्या १५ आणि १६ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री दक्षिण इंग्लंडात जे वादळ आलं त्यात सुमारे दीड कोटी झाडं पडली. त्यात निरोगी झाडंही अगणित होती. अशा रात्रीनंतर प्रत्येक बुंध्याचा मालक हुडकून त्याच्याकडून वसुली करायची म्हटलं, तर हाती काय लागणार? निम्मा प्रदेश उरलेल्या निम्म्याविरुद्ध दावे लावून बसला असता.

तेव्हा मालकी म्हणजे दोष नव्हे, इथपर्यंत कायदा बरोबर आहे. आता मुख्य अडचण.

बुंध्याच्या तळाशी, जिथे खोड मातीत शिरतं तिथे, कधी कधी तळहाताएवढी, लाकडासारखी कडक आळंबी बाहेर आलेली दिसते. वरून तपकिरी आणि वळ्यावळ्यांची, वाढत्या कडेला पांढरट. तिच्या खाली पानांवर, दगडांवर कोकोच्या पुडीसारखी तांबूस धूळ साचलेली असते. ते तिचे बीजाणू. ही आळंबी म्हणजे आतलं लाकूड कुजत चालल्याची खूण. वर पालवी टवटवीत असते, फुलोराही येतो, कारण पाणी वाहून नेणारा थर सालीच्या आत लगेचच असतो आणि कूज पोटात असते. जाणकार माणूस येऊन लाकडी हातोड्यानं खोड ठोकून बघतो, आवाज भरीव येतो की पोकळ ते ऐकतो. फुटीपाशी दोन खोडांच्या मध्ये साल आत दबली आहे का ते पाहतो, कारण तिथे लाकूड एकमेकांत विणलं गेलेलं नसतं आणि जोर आला की ते उभं चिरतं. बुंध्याभोवतीच्या मातीला एका बाजूनं भेग पडली आहे का, हेही बघतो. जर्मनीत कार्ल्सरूह इथे क्लाउस माटेक यांनी झाडांच्या अशा नुसत्या डोळ्यांनी करायच्या तपासणीची एक शिस्तशीर पद्धत बांधली आणि ती आज जगभर वापरली जाते. तिच्या मुळाशी साधी गोष्ट आहे: झाड आपली दुखणी अंगावर दाखवतं. जिथे कमकुवतपणा येतो तिथे ते जादा लाकूड चढवतं, गाठ येते, फुगवटा येतो. बघणारा हवा.

आता दोन मालकांची कल्पना करा. एकानं ही आळंबी पाहिली, तज्ज्ञाला बोलावलं, पैसे मोजून अहवाल घेतला. अहवालात लिहिलं आहे की खोडात कूज आहे, पुढच्या काही महिन्यांत फांद्यांचा भार कमी करा. हा मालक त्या क्षणापासून ‘माहीत असलेला’ झाला. काम लांबलं, माणसं मिळाली नाहीत, परवानगी अडकली आणि मध्येच झाड पडलं, तर तोच अहवाल त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा. दुसरा मालक त्या बाजूला कधी फिरकलाच नाही. ‘झाड तर हिरवंगार होतं हो,’ एवढं बोलून तो मोकळा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे अक्षरशः खरं ठरतं.

कायद्याचे जाणकार यावर सांगतील की ‘माहीत असायला हवं होतं’ हे शब्द अशांसाठीच आहेत. कागदावर बरोबर. पण सिद्ध करण्याचं ओझं ज्याची भिंत पडली त्याच्यावर, आणि पुरावा किती काळ टिकतो ते बघा. झाड सकाळी पडतं. दुपारी करवतवाले येतात. संध्याकाळपर्यंत खोडाचे तुकडे गाडीत भरून गेलेले असतात आणि बुंधा जमिनीलगत कापलेला असतो. जिथे मोड झाली तो भाग, म्हणजे संपूर्ण प्रकरणाचं उत्तर ज्यात होतं तो भाग, जळणात गेलेला असतो. निरोगी लाकूड मोडलं की मोड पांढरीशुभ्र, लांब तुसं निघालेली दिसते. कुजलेलं लाकूड आखूड तुटतं, तपकिरी असतं, बोटानं चुरा होतो. हा फरक दाखवायला तज्ज्ञ लागत नाही, एक फोटो पुरतो. पण त्या धांदलीत लोक फोटो काढतात ते चेपलेल्या गाडीचे आणि पडलेल्या भिंतीचे. झाडाच्या मोडीचा फोटो कोणी काढत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन वर्षांच्या अंतरानं आलेले दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले की ही कसोटी कशी लागते ते कळतं. १९९७ च्या राजकोट महापालिकेच्या प्रकरणात कामावर निघालेल्या एका माणसाच्या अंगावर रस्त्याकडेचं झाड पडून तो दगावला. न्यायालयानं महापालिकेला जबाबदार धरलं नाही. प्रत्येक झाड सतत तपासत राहण्याचं ओझं झाडं लावण्याचं सार्वजनिक काम करणाऱ्या संस्थेवर असं घालता येणार नाही, असा त्या निकालाचा कल होता. १९९९ च्या दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर फांदी पडली, आणि तिथे मात्र महापालिका जबाबदार ठरली. झाड वाळलेलं किंवा मेलेलं असेल आणि तो दोष मालकाला माहीत असेल किंवा असायला हवा असेल, तर तो नुकसान भरून द्यायला बांधील आहे, हे न्यायालयानं स्वच्छ सांगितलं. दोन्ही घरांतलं दुःख सारखंच. मला दुसरा निकाल जवळचा वाटतो. वाळलेली फांदी दिसायला रस्त्यावरून मान वर करणं एवढंच लागतं, आणि जो सगळ्या रस्त्यांचा मालक आहे त्याच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवणं हे अवास्तव ओझं नव्हे.

म्हणजे कर्तव्य ‘झाड पडू न देण्याचं’ नसावं, ‘बघण्याचं’ असावं. आणि बघितल्याची नोंद मालकाच्या बाजूनं मोजली जावी. ज्यानं वर्षातून एकदोनदा झाडाखाली जाऊन वर पाहिलं, वादळानंतर पुन्हा पाहिलं, खूण दिसली तेव्हा जाणकाराला दाखवलं आणि त्याच्या सल्ल्यानुसार वाजवी वेळात हालचाल केली, त्याचं झाड पडलं तरी तो निर्दोष. ज्याच्याकडे बघितल्याचं काहीच सांगण्यासारखं नाही, त्यानं झाड बाहेरून निरोगी दिसत होतं हे सिद्ध करावं. ओझं असं फिरवलं की बुंधा घाईनं जाळून टाकण्यात मालकाचा फायदा उरत नाही. फोटो काढायची गरज मग त्यालाच वाटेल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की म्हातारी, एकटी, बेताच्या कमाईची माणसं तज्ज्ञ कुठून आणणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर कायद्यानं पूर्वीच शोधून ठेवलं आहे. १९६६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हा तिथल्या अपिलांचा शेवटचा निवाडा करणाऱ्या न्यायपीठापुढे, आलं. वीज पडून एक उंच झाड पेटलं. मालकानं ते पाडलं, इथपर्यंत ठीक. मग पाणी मारून विझवण्याऐवजी त्यानं ते आपोआप जळून विझेल म्हणून सोडून दिलं. वारा सुटला, आग शेजारच्या जमिनींवर गेली. वीज त्यानं पाडली नव्हती, तरी तो जबाबदार ठरला; पण न्यायालयानं त्याच वेळी हेही सांगितलं की जमिनीवर आपोआप उद्भवलेल्या धोक्याच्या बाबतीत कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची ते त्या माणसाची ऐपत आणि ताकद बघून ठरवायचं. १९८० मध्ये सॉमरसेटमधल्या एका टेकडीची माती खालच्या घरांवर घसरल्याच्या प्रकरणात इंग्लिश न्यायालयानं हीच मोजपट्टी पुढे नेली. ऐपत नसलेल्या माणसाकडून शेजाऱ्याला वेळेत सावध करणं आणि त्याला येऊन उपाय करू देणं, एवढीच अपेक्षा असू शकते. मला हा नियम कायद्यातल्या सर्वांत शहाण्या नियमांपैकी एक वाटतो.

आणि धोका तरी केवढा, याचंही भान हवं. ब्रिटनमध्ये झाड किंवा फांदी पडून माणूस मरण्याची शक्यता वर्षाला साधारण एक कोटीत एक एवढी मोजली गेली आहे. दर महिन्याला झाडाखाली दुर्बीण घेऊन उभं राहावं, असं कोणी म्हणत नाही.

खरं तर झाड नीट कोणाला दिसतं? पुष्कळदा शेजाऱ्यालाच. मालक बुंध्याशी राहतो, पण हद्द ओलांडून आलेली वाळकी फांदी शेजाऱ्याच्या गच्चीवरून, खिडकीतून रोज समोर असते. तेव्हा बघण्याचं कर्तव्य त्याच्यावरही थोडं येतं. त्यानं ते मालकाला कळवावं, आणि लेखी कळवावं. इथे आपली सगळ्यांचीच गाडी अडते. तोंडी सांगणं म्हणजे शेजारधर्म आणि पत्र देणं म्हणजे भांडणाला तोंड फोडणं, असा समज पक्का आहे. जिन्यात भेटल्यावर ‘तेवढं झाडाचं बघा’ म्हणतात, समोरचा ‘बघतो, बघतो’ म्हणतो. झाड पडलं की पहिला म्हणतो मी दहादा सांगितलं, दुसरा म्हणतो मला आठवत नाही, आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात. फोटो जोडून, तारीख घालून, सभ्य शब्दांत चार ओळी पाठवल्या असत्या तर मालक ‘माहीत नव्हतं’ म्हणूच शकला नसता. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं लंडनच्या एका प्रकरणात ‘प्लेन’ जातीच्या झाडाच्या मुळांमुळे इमारतीचा पाया भक्कम करण्याचा खर्च, जो साडेपाच लाख पौंडांच्या वर होता, वेस्टमिन्स्टर कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, द्यायला लावला. तिथे कळीचा मुद्दा हाच होता, की कौन्सिलला कळवलं गेलं होतं आणि उपाय करायला वेळही मिळाला होता. रोमन कायदा याच्याही पुढे गेला होता. मोडकळीला आलेल्या इमारतीच्या शेजाऱ्याला नुकसान होण्याच्या आधीच हमी मागता येत असे, आणि मालकानं ती दिली नाही तर न्यायाधिकारी शेजाऱ्याला त्या मालमत्तेत शिरकाव देऊ शकत असे. नुकसान झाल्यावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारा, हा विचार दोन हजार वर्षं जुना आहे.

विम्याकडे येतो, कारण बहुसंख्य प्रकरणांत पैसा तिथूनच यायला हवा. सगळ्यात मोठा गैरसमज असा, की झाड शेजाऱ्याचं असल्यामुळे दावा त्याच्या विम्यावर लावायचा असतो. मालमत्तेच्या विम्याला झाड कोणाचं याच्याशी देणंघेणं नसतं. घरावर काही कोसळलं का आणि ते पॉलिसीतल्या धोक्यांत बसतं का, एवढंच तो बघतो. भारतात विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी जी भारत गृह रक्षा पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना द्यायला लावली, तिच्यात बाहेरच्या वस्तूच्या धडकेनं झालेल्या नुकसानीत पडणाऱ्या झाडांचा नावानिशी उल्लेख आहे. शेजाऱ्याचा विमा कामाला येतो तो त्याच्यावर कायदेशीर जबाबदारी सिद्ध झाली तरच, आणि तीही त्यानं तसं संरक्षण घेतलं असेल तर. म्हणजे पुन्हा निष्काळजीपणाचा वाद, पुन्हा पुरावा, पुन्हा वर्षं. गाडीचंही तसंच: नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर फांदीनं चेपलेल्या टपाचे पैसे मिळत नाहीत, सर्वंकष विमा लागतो.

‘त्याच्या झाडासाठी माझा हप्ता का वापरायचा?’ हा प्रश्न मला पटत नाही, कारण तो पुन्हा मालकीलाच दोष मानतो. निरोगी झाड वादळानं पाडलं तर ते माझ्या दृष्टीनं गारपिटीसारखंच संकट आहे. आणि शेजारी खरोखर निष्काळजी असेल तर तो सुटतही नाही. माझ्या कंपनीनं मला पैसे दिले की माझा हक्क तिच्याकडे जातो आणि ती त्याच्यामागे लागू शकते. कोर्टकचेरी करायला तिच्याकडे माणसं आहेत, माझ्याकडे नाहीत. एक सावधगिरी मात्र ठेवावी. भलेपणानं शेजाऱ्याला ‘माझा तुमच्यावर काही दावा नाही’ असं कंपनीला न विचारता लिहून देऊ नये. ती चिठ्ठी कंपनीचा वसुलीचा मार्ग बंद करते आणि त्यावर बोट ठेवून तुमचा दावाही अडवला जाऊ शकतो.

विम्याचं गुणगान मी करतोय असं वाटू नये. त्याच्यातही चमत्कारिक फटी आहेत. अमेरिकेतल्या प्रचलित घरविम्यात छपरावर पडलेलं झाड उचलून नेण्याच्या खर्चाला एका घटनेमागे साधारण १,००० डॉलर आणि एका झाडामागे ५०० डॉलरची मर्यादा असते, आणि झाड कशालाही न लागता नुसतं अंगणात आडवं झालं तर बहुधा काहीच मिळत नाही. त्याहून मोठी फट मुळांची. विमा अचानक झालेल्या घटनेचा असतो. भिंत वर्षानुवर्षं मुळांनी उचलली जात असेल तर ते हळूहळू झालेलं नुकसान, आणि ते बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. ब्रिटनमध्ये १९७१ पासून घरविम्यात जमीन खचण्याचं संरक्षण आलं, पाठोपाठ १९७६ चा भीषण दुष्काळ आला, झाडांनी चिकणमातीतलं पाणी शोषलं, ती आक्रसली, आणि घरांना तडे गेल्याच्या दाव्यांचा लोंढा लागला. तेव्हापासून विमा कंपन्यांना पाया दुरुस्त करण्यापेक्षा झाड तोडा म्हणणं स्वस्त वाटू लागलं. ही प्रवृत्ती मला घातक वाटते.

मुळांच्या बाबतीत म्हणूनच कायद्याला मालकाला जास्त जबाबदार धरावं लागेल, आणि इथे देशोदेशींचे नियम फार वेगळे आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायालयानं १९३१ मध्ये पॉप्लरच्या मुळांनी शेजाऱ्याचं गटार तुंबवलं आणि तळघराला तडे पाडले तरी मालकाला मोकळं सोडलं: हद्दीत आलेली मुळं आणि फांद्या तुम्ही स्वतः तोडा, कोर्टात येऊ नका. इंग्लंडमध्ये १८९४ पासून शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपल्याच हद्दीत उभं राहून तोडायची मुभा आहे. जर्मन नागरी संहितेचं कलम ९१० फांद्यांसाठी आधी मुदत द्यायला सांगतं. पण मुदत संपल्यावर झाड मरण्याचा किंवा कलण्याचा धोका असला तरी तोडण्याचा हक्क राहतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एका काळ्या पाइन वृक्षाच्या प्रकरणात ठरवलं.

हा ‘तुमचं तुम्ही तोडा’ न्याय मला आळशीपणाचा वाटतो. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे जातात. वाऱ्याच्या बाजूची मुळं ताणाच्या दोरासारखी झाडाला धरून ठेवतात. शेजाऱ्यानं आपल्या हद्दीत चर खणून ती तोडली, तर त्या दिशेचा वारा आला की झाड पलीकडे, म्हणजे मालकाच्याच घरावर, जाण्याची शक्यता वाढते. तेव्हा दोष कोणाचा? तोडण्याचा हक्क होता म्हणून परिणामांची जबाबदारी नाही, असं म्हणणाऱ्या निकालांचा फेरविचार व्हायला हवा. हवाईतल्या न्यायालयानं १९८१ मध्ये अधिक समंजस वाट काढली. तिथे झाड वडाचं होतं, नव्वदेक फूट उंच, फांद्या शेजाऱ्याच्या गॅरेजच्या छपरापर्यंत आलेल्या. न्यायालय म्हणालं, नुसती सावली पडते, पानं गळतात, याची तक्रार ऐकणार नाही. पण प्रत्यक्ष नुकसान होतंय किंवा होऊ घातलंय, तर मालकानं आपल्या खर्चानं उपाय करावा. व्हर्जिनियानं २००७ मध्ये स्वतःचा जुना नियम टाकून हाच उचलला. पानगळीचा त्रास आणि भिंतीचा तडा यांत फरक करणारा हा एकच नियम मला सापडतो, आणि तो सगळीकडे यावा असं वाटतं.

उरतो तो सगळ्यात अवघड भाग, ज्यात मालक आणि शेजारी एका बाजूला असतात. दोघांनाही झाड धोक्याचं वाटतं, पण तोडायला परवानगी लागते आणि ती मिळत नाही. महाराष्ट्रात नागरी भागांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे, इतरत्रही असे कायदे आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. नाहीतर ‘धोकादायक’ या नावाखाली बांधकामाच्या आड येणारं प्रत्येक झाड जाईल. पण सार्वजनिक हितासाठी समाजानं एखाद्याला झाड राखायला भाग पाडलं, तर त्या झाडाची जोखीम त्याच्या एकट्याच्या गळ्यात ठेवता येत नाही. इंग्लंडच्या वृक्ष संरक्षण आदेशांच्या नियमांत याची सोय आहे: परवानगी नाकारल्यामुळे, आणि आधीच अंदाज येण्याजोगं, नुकसान झालं तर ठरावीक मुदतीत त्याची भरपाई नाकारणाऱ्या प्राधिकरणाकडून मागता येते. आपल्याकडे अर्ज नुसता पडून राहिला तरी अनेकदा कोणाचं काही बिघडत नाही. नकाराबरोबर जबाबदारी येणार असेल, आणि ठरल्या मुदतीत उत्तर न देणं हाही नकारच धरला जाणार असेल, तर नकार देण्यापूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन झाड बघेल. बघून, ते सुरक्षित आहे असं सही करून सांगेल. आणि तसं सांगता येत नसेल तर परवानगी देईल, किंवा फांद्या कमी करण्याचा, बुंध्याला आधार देण्याचा मधला मार्ग काढेल आणि त्या खर्चात वाटा उचलेल.